रात्रपाळी आणि बढती
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यापैकी अनेकांची मुलं आता बारावीला आली आहेत. हॉटेल मॅनेजमेंटचं नाव निघालं, की 'मुलीला नको, रात्रीची कामं असतात' असं आपण पटकन म्हणतो. मी हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर तयार करते, म्हणून त्यावर थोडं बोलते.

आपल्याकडे या शिक्षणाचा पाया बायकांनीच घातला. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झालं. तरी आज मुली दिसतात त्या रिसेप्शनवर, हाउसकीपिंगमध्ये, एचआरमध्ये. मुख्य शेफ आणि जनरल मॅनेजर बहुधा पुरुषच. घरचा स्वयंपाक बाईचा, पगाराचा मात्र बुवांचा!

याचं एक कारण मला ड्यूटी लावण्याच्या प्रोग्रॅमवर काम करताना दिसलं. एका हॉटेलने दोन नियम दिले होते. एक, महिलांना रात्रपाळी लावू नये. दुसरा, ड्यूटी मॅनेजर होण्यासाठी ठरावीक महिने रात्रपाळी झालेली हवी. पहिला काळजीपोटी केलेला, दुसरा अनुभव हवा म्हणून. दोन्ही एकत्र चालवले, तर बढतीच्या यादीत एकही बाई येईना! ती यादी मी मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. बरीच चर्चा झाली आणि पहिला नियम बदलला. आता तिला आधी विचारतात. ती 'हो' म्हणाली, तर रात्रपाळी आणि घरापर्यंत गाडी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही संमती, सुरक्षितता आणि दारापर्यंत वाहन याच अटी आहेत.

दिल्लीत तर १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यामुळे बारमध्ये बाईला नोकरीच करता येत नव्हती. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात ते कलम रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. बाईचं काम काढून घेण्यापेक्षा तिला सुरक्षितता द्या, असा त्या निकालाचा आशय.

तेव्हा मुलीने हे क्षेत्र निवडलं, तर अडवू नका. हॉटेलवाल्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: रात्री घरी सोडायला गाडी आहे का? आणि आधी लागलेल्या मुली आज कोणत्या पदावर आहेत? सर, बाई, तुम्हीही विद्यार्थिनींना हे प्रश्न विचारायला शिकवा, ही विनंती.