जुनी काया, नवे यंत्र

१९४० साली वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४४ साली त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज व फार्गो मालमोटारी तयार होत. अशी एखादी जुनी गाडी हाती आली, की हौशी माणसाला तीत आजचे एंजिन बसविण्याचा मोह होतो. बंगळूरच्या शिवाजीनगरात सुटे भागही मिळतात.

परंतु काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या मालमोटारीची चौकट वेगळी व तीवरील सांगाडा वेगळा. आजच्या बहुतेक मोटारींत दोन्ही एकजीव असतात आणि एंजिन आडवे बसून पुढची चाके फिरविते. म्हणून एंजिन घ्यावयाचे ते मागची चाके फिरविणाऱ्या गाडीचेच. शक्ती वाढली, की ब्रेकही बदलावे लागतात. रिकाम्या मालमोटारीची मागची बाजू हलकी असते. तेथे ब्रेक अधिक लागला, तर चाके घसरतात.

त्यापुढची अडचण कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांना स्वतंत्र नोंदणी दिली खरी. पण एंजिन व चौकट यांत मोठा फेरफार नसावा, ही अट घातली.

तेव्हा हौशी माणसाने आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी, मग पाना हाती घ्यावा. नाहीतर कित्येक वर्षांची मेहनत अंगणातच उभी राहावयाची.