कोऱ्या बाहीचा शिपाई

वर्तमानपत्रांतून व चित्रपटांतून निरनिराळ्या देशांचे सैनिक पाहणाऱ्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो, आणि तो बहुधा मुलांकडून निघतो. एका शिपायाच्या बाह्या रंगीबेरंगी बिल्ल्यांनीं भरलेल्या असतात. त्याच्याच शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्याची बाही मात्र अगदीं कोरी. मग हा दुसरा नवशिका आहे कीं काय? त्यानें कांहींच पराक्रम केला नाहीं काय? अमेरिकेचें सैन्य पाहतांना तर ही शंका हमखास येते. तेथील भूसेनेच्या सैनिकाच्या डाव्या खांद्यावर त्याच्या डिव्हिजनचें चिन्ह असतें. लढाईवर जाऊन आला असेल तर उजव्या खांद्यावरही एक असतें. शिवाय छत्रीधारी, रेंजर वगैरे शिक्षणाच्या खुणा निराळ्याच. उलट मरीन दलाच्या सैनिकाच्या रणांगणावरील पोषाखावर त्याचें नांव, दलाचें नांव, हुद्दा आणि खिशावर गरुड, पृथ्वीगोल व नांगर यांचें चिन्ह, एवढाच ऐवज. आणि मरीन दल लढण्यांत मागें आहे असें तर त्याचा शत्रूही म्हणणार नाहीं.

शिपायाच्या अंगावरील प्रत्येक खूण कोणाला तरी कांहीं सांगण्यासाठीं असते. अडचण एवढीच कीं, ती जशी स्वकीयांना वाचतां येते तशीच शत्रूलाही येते.

एके काळीं ही अडचण फारशी जाणवत नसे. जुन्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरंवशाचा नव्हता, आणि दहापांच फैरी झडल्या कीं दारूच्या धुरानें रणांगण असें कोंदून जाई कीं आपला कोण आणि परका कोण हेंच कळेनासें होई. म्हणून तांबडे, निळे, पांढरे भडक डगले, उंच टोप्या, सोनेरी तोडे. हा नुसता डामडौल नव्हता. धुरांतून आपला माणूस ओळखतां यावा हा त्याचा व्यावहारिक उपयोग होता. पण अंतर कमी असलें म्हणजे याही काळांत काय होऊं शकतें याचें उदाहरण २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईंत घडलें. इंग्रज सेनापति नेल्सन आपल्या जहाजाच्या तक्तपोशीवर फिरत होता आणि त्याच्या डगल्यावर चार मानचिन्हांचे तारे भरतकाम करून बसविलेले होते. हे तारे शत्रूच्या डोळ्यांत भरतील अशी भीति त्याच्या अधिकाऱ्यांना वाटत होती, हें जहाजावरील शस्त्रवैद्य बीटी यानें लिहून ठेवलें आहे. लगटून भिडलेल्या ‘रिडाउटेबल’ या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून गोळी आली आणि त्याच दिवशीं नेल्सन गेला. बंदूकवाल्यानें तारे पाहूनच नेम धरला होता काय, याबद्दल इतिहासकारांचें एकमत नाहीं. तथापि ते तारे झांकले असते तर बरें झालें असतें, याबद्दल दुमत होण्याचें कारण नाहीं.

पुढें बंदुकीच्या नळींत आटे आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. आतां धूरही नाहीं आणि नेमही लांबचा. तेव्हां भडक डगला हा शिपायाचा वैरी ठरला. यावरील तोड मात्र युरोपांत नव्हे, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर अगोदरच निघाली होती. १८४६ सालीं पेशावर येथें हॅरी लम्सडेन यानें ‘गाइड्स’ नांवाची पलटण उभी केली आणि तिच्या लोकांना त्या मुलखाच्या मातीसारख्या रंगाचे सैल कपडे दिले. खाक हा मूळ फारशी शब्द. त्याचा अर्थ माती, धूळ. मराठींत आपण त्याची राख केली, पण खाकी रंगांत मूळची माती शिल्लक राहिली. पन्नास वर्षांत हा रंग ब्रिटिश साम्राज्यभर पसरला.

डगला मातीचा झाला, तरी वरच्या खुणा चमकतच होत्या. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर शेतकऱ्यांशीं युद्ध जुंपलें. हे शेतकरी जन्माचे शिकारी. कळपांतील म्होरक्या कसा हेरावा हें त्यांना शिकवावें लागत नव्हतें. तलवार, चकचकीत बटणें व कमरपट्टा दिसला कीं तो अधिकारी. थोड्याच दिवसांत ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं तलवारी ठेवून दिल्या, बटणांची चकाकी घालविली आणि शिपायासारखी खांद्यावर रायफल घेतली. पण जित्याची खोड म्हणतात तशी ही शिकवण फार टिकली नाहीं. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे तारे व फिती त्याच्या मनगटावर, बाहीच्या काठाशीं होत्या. हात उंचावून त्यानें ‘पुढें चला’ म्हणून खूण केली कीं, समोरच्या खंदकांतील जर्मन नेमबाजाला तो हात नेमका कोणाचा हें वाचतां येई. कित्येक अधिकाऱ्यांनीं मग शिपायाचाच डगला चढवून हुद्द्याची खूण खांद्यावर, कमी दिसेल अशी लावण्यास सुरुवात केली. त्यांची थट्टा झाली. अशा डगल्याला भेदरटाचा डगला अशा अर्थाचें नांव पडलें. वीस-बावीस वर्षांच्या पोरानें एकीकडे जीव आणि दुसरीकडे सोबत्यांचें हंसणें अशा पेंचांत सांपडावें, यापरतें दुर्दैव कोणतें? अखेर १९२० सालीं मनगटावरील खुणा सरकारनेंच कायमच्या बंद केल्या. थट्टेचा डगला हाच नियमाचा डगला झाला.

त्याच युद्धाच्या अखेरीस बाहीवरचें रंगीत चित्र मात्र जन्मास आलें. १९१८ सालीं अमेरिकेची एक्याऐशींवी डिव्हिजन बाहीवर रानमांजराचें चित्र लावून फ्रान्समध्यें उतरली. इतरांनीं तक्रार केली; सरसेनापति पर्शिंग यानें उलट तसें चिन्ह सर्वांनींच घ्यावें असें ठरविलें. हल्ल्यानंतर विस्कळित झालेले लोक गोळा करण्यास चित्र फार सोयीचें, आणि त्यावर आंकडा नसल्यानें परक्याला एकदम उमगतही नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व हिंदी सैन्यांत हीच रीत रूढ झाली. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा तांबडा गरुड प्रसिद्धच आहे. आणि जिच्यांत मराठा पलटणी केरेनच्या डोंगरांत १९४१ सालीं लढल्या त्या पांचव्या डिव्हिजनचें चिन्ह काळ्या चौकोनावरील तांबडें वर्तुळ.

परंतु चित्राचा अर्थ फार दिवस गुप्त राहत नाहीं. एक कैदी, एक हेर, एक चौकस खानावळवाला पुरे होतो. अमुक डिव्हिजन काल येथें होती, आज दिसत नाहीं, एवढ्यावरून शत्रु पुढचा हल्ला कोठें होणार हें ताडतो. म्हणून गुप्त हालचालीपूर्वीं बाहीवरचे बिल्ले उसवण्याचे हुकूम निघत. अमेरिकनांनीं तर १९४४ सालीं शत्रूच्या या वाचनाचाच फायदा उठविला. सुमारें अकराशें लोकांची एक तुकडी त्यांनीं केवळ सोंग आणण्यासाठीं ठेवली होती. रबराचे फुगविलेले रणगाडे, ध्वनिक्षेपकांतून रणगाड्यांचा घरघराट, आणि शिपायांच्या बाहीवर आज या डिव्हिजनचा तर उद्यां त्या डिव्हिजनचा बिल्ला. ही बहुरूपी मंडळी फ्रान्समधील गांवांत जाऊन बसत, मोठ्यानें गप्पा मारीत, आणि आपल्या बाह्या लोकांच्या नजरेस पडतील अशी काळजी घेत. सुई-दोऱ्यानें एवढी लढाई क्वचितच कोणी केली असेल.

मरीन दलाची गोष्ट मात्र भीतीची नाहीं, ती अभिमानाची आहे. त्या युद्धांत मरीन डिव्हिजनांनींही बाहीवर चित्रें लावलीं होतीं. पहिल्या डिव्हिजनच्या निळ्या बिल्ल्यावर तांबडा एक, त्यांत ग्वाडलकॅनाल बेटाचें नांव आणि भोंवतीं दक्षिणेकडील आकाशांतील तारे. १९४२ सालच्या त्या भीषण लढाईची ती आठवण. असें असूनही १९४७ सालीं दलानें हीं सारीं चित्रें बंद केलीं. मरीन हा आधीं मरीन, मग अमक्या डिव्हिजनचा, ही त्यामागची दृष्टि. पोटजातींचा अभिमान वाढला कीं जातीचा अभिमान पातळ होतो, हें सांगण्यास आपल्याकडील वाचकाला अमेरिकेचें उदाहरण नको. कमी खुणांत एक मिजास असतेच. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या अखेरीस, ९ एप्रिल १८६५ रोजीं, पराभूत सेनापति ली हा झगझगीत पोषाखांत तलवार लावून आला. विजयी ग्रँट आला तो चिखलानें माखलेल्या बुटांनीं, साध्या शिपायाच्या डगल्यावर खांद्याच्या फिती तेवढ्या लावून. ज्याला सर्व ओळखतात त्यालाच खुणा टाकणें परवडतें.

मग सर्वच खुणा टाकल्या तर? हाही प्रयोग झाला आहे. रशियांतील क्रांतिकारकांनीं डिसेंबर १९१७ मध्यें हुद्दे रद्द केले. खांद्यावरची पट्टी तर झारशाहीचें प्रतीक म्हणून विशेष द्वेषाची. १९३५ सालीं हुद्दे परत आले, आणि जानेवारी १९४३ मध्यें, स्टालिनग्राडचा वेढा आटोपत असतां, ती द्वेषाची पट्टीही परत आली. चीननें १९६५ सालीं हुद्दे काढून टाकले. टोपीवर तांबडा तारा आणि कॉलरवर दोन तांबडीं निशाणें, शिपायाला तीच आणि सेनापतीलाही तीच. परंतु शिंप्याच्या कातरीनें भेद राखलाच. अधिकाऱ्याच्या डगल्याला चार खिसे आणि शिपायाच्या डगल्याला दोन! लोक खिसे मोजून मान देऊं लागले. १९७९ सालीं व्हिएतनामशीं लढतांना निरनिराळ्या पलटणींचे लोक एकमेकांत मिसळले तेव्हां मात्र खिशांवरून भागेना. आज्ञा कोणाची मानावी हेंच कळेना. १९८८ सालीं चीननेंही हुद्दे व त्यांच्या खुणा पुन्हां सुरू केल्या.

याहून खालची एक मर्यादा कायद्यानें घातलेली आहे. १९०७ च्या हेग येथील नियमांप्रमाणें नियमित सैन्याबाहेरील सैनिकांना युद्धाचे हक्क हवे असतील तर त्यांच्यावर जबाबदार नायक पाहिजे, आणि अंगावर दुरून ओळखूं येणारें ठराविक चिन्ह पाहिजे. शिपायानें शौर्य मिरवलें नाहीं तरी चालेल. पण त्याच्या गोळीचा जाब कोणाला विचारावयाचा हें दिसलें पाहिजे. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस क्रिमियांतील विमानतळांवर व सरकारी कचेऱ्यांवर हिरव्या पोषाखांतील सशस्त्र, शिस्तबद्ध माणसें उभीं राहिलीं. त्यांच्या अंगावर ना देशाचें नांव, ना पलटणीचें, ना हुद्दा. लोकांनीं त्यांना ‘हिरवीं माणसें’ म्हटलें, कारण दुसरें नांव देण्याजोगें त्यांच्या अंगावर कांहीं लिहिलेलेंच नव्हतें. तीं आपलीं नव्हेत असें रशियाच्या अध्यक्षांनीं मार्चमध्यें सांगितलें. एप्रिलमध्यें, क्रिमिया रशियाला जोडला गेल्यानंतर, तेथें आपले सैनिक होते हें त्यांनींच मान्य केलें.