उशाशीं बसणारें माणूस

आजचा विषय माझ्या विद्वत्तेचा नव्हे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, मुंबईंतील एका प्राथमिक शाळेंत उभी हयात पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. वैद्यकाचा अधिकार मला नाहीं. परंतु स्मृति हरपलेल्या माझ्या वृद्ध आईला जंतुसंसर्गामुळें रुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि त्या नऊ दिवसांत माझ्या हातून जें घडलें व जें घडावयास हवें असून घडलें नाहीं, त्याचा हिशेब मांडल्यास तो दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, एवढ्याच भरंवशावर मी आपल्यापुढें बोलत आहें.

आम्ही माहीमचे राहणारे. शीतळादेवीचें देऊळ आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर. माझी आई त्या वेळीं ८८ वर्षांची होती. पांच वर्षांपासून तिची स्मृति हळूहळू मावळत चालली होती. नातवंडांचीं नांवें ती विसरे; जेवण होऊन घटकाहि लोटली नाहीं तोंच 'मला कोणी वाढलेंच नाहीं' अशी तक्रार करी. पण देवळाची घंटा ऐकूं आली कीं तिचे हात आपोआप जुळत, आणि सायंकाळीं मला दारांत पाहून 'आलास का रे शाळेंतून?' असें ती रोज विचारी. मला निवृत्त होऊन सहा वर्षें झालीं होतीं. तरी 'आलों, आई' असें म्हणण्यांत मला सुख वाटे.

२०२२ सालच्या जुलै महिन्यांत दोन दिवस तिनें हा प्रश्न विचारला नाहीं. ती पडून राहिली. चार घांस घेऊन ताट बाजूस सारूं लागली. हांक मारली तर डोळे उघडी आणि पुन्हां मिटी. अंगांत ताप नव्हता, खोकला नव्हता. 'आजार आतां पुढच्या पायरीवर गेला' असें एकमेकांस सांगून आम्हीं घरच्यांनीं मान डोलाविली आणि दोन मोलाचे दिवस फुकट घालविले. तिसऱ्या दिवशीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं तिला पाहतांच लघवी तपासावयास सांगितलें. मूत्रमार्गांत संसर्ग झाला होता आणि तो बळावला होता. त्याच सायंकाळीं तिला रुग्णालयांत दाखल करावें लागलें.

श्रोतेहो, पहिली गोष्ट येथें ध्यानीं धरावी. स्मृतिभ्रंश, ज्याला हल्लीं डिमेन्शिया म्हणतात, तो बहुधा महिन्यामहिन्यांनीं आणि वर्षावर्षांनीं वाढतो. एका दिवसांत किंवा दोन दिवसांत माणूस एकाएकीं पालटलें, तर तो त्या जुन्या रोगाचाच खेळ आहे असें समजून स्वस्थ बसूं नये. आंत दुसरें कांहींतरी घडलेलें असतें: मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरांतील पाण्याची वा क्षारांची कमतरता, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न सांगतां येणारी वेदना किंवा एखादें नवीन औषध. वृद्ध माणसांत संसर्ग असूनहि ताप चढत नाहीं, असें पुष्कळदां होतें. अशा अवचित आलेल्या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आपल्या घरांतलीं जुनीं माणसें 'तापांत वात झाला' म्हणत, तोच हा प्रकार.

याचीं दोन रूपें आहेत. एकांत रोगी ओरडतो, उठून पळूं पाहतो, नळ्या ओढतो; तें कोणाच्याहि नजरेंत भरतें. दुसऱ्यांत तो केवळ गप्प होतो, झोपाळू होतो. हें दुसरें रूप अधिक फसवें, कारण शांत रोग्याविषयीं कोणी तक्रार करीत नाहीं. माझी आई घरीं याच दुसऱ्या रूपांत होती, आणि आम्हीं तिला 'दमली आहे' असें समजत होतों.

स्मृतिभ्रंशाच्या रोग्यालाच हा भ्रम इतका लवकर कां व्हावा? आम्हां माहीमकरांना याचा दाखला शोधावयास दूर जावें लागत नाहीं. ओहोटीच्या वेळीं चांगला जोराचा पाऊस आला तरी गटारें तें पाणी समुद्रांत सोडतात. तोच पाऊस मोठ्या भरतीच्या वेळीं कोसळला, तर पाणी जावयास वाट उरत नाहीं आणि तें रस्त्यावर चढतें. स्मृतिभ्रंश ही मेंदूंतील भरती आणि संसर्ग हा पाऊस. धडधाकट मेंदू जो पाऊस सहज सोसतो, तोच अशा मेंदूला बुडवितो. पाऊस थांबल्यावर पाणी ओसरतें. परंतु लागलीच ओसरत नाहीं, आणि भिंतीवर ओल राहते.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. पहिल्या रात्रीं मी आईजवळ होतों. रुग्णालयांत येतांच तिच्या भ्रमानें पहिलें रूप धारण केलें. ती खाट तिला आगगाडीचा डबा वाटे. 'गाडी सुटेल, उतर, उतर' असें म्हणून ती उठूं लागे. मी तिला समजावूं लागलों, 'आई, हें रुग्णालय आहे.' वीस वेळां समजाविलें, आणि विसाव्या वेळीं माझा आवाज मंद विद्यार्थ्यावर चढतो तसा चढला. तिनें माझ्या हातावर चापट मारली आणि परक्या माणसाकडे पाहावें तसें माझ्याकडे पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं मी पुरता थकलों होतों. 'मला ती ओळखतच नाहीं. मग मी बसलों काय आणि न बसलों काय?' असा विचार करून रात्रीं मी घरीं गेलों. जातांना एक शहाणपण केलें. तिचें श्रवणयंत्र हरवेल, म्हणून तें काढून खिशांत घातलें. चष्मा खणांत ठेवला. सकाळीं येऊन पाहतों तों आईचे दोन्ही हात पट्टीनें खाटेच्या कठड्याला बांधलेले. रात्रीं तिनें सलाईनची नळी दोनदां ओढून काढली होती. झोपेची सुई दिल्यामुळें तिची मान एका बाजूस कलली होती. मनगटावर वळ उठले होते.

मी रागावलों. परंतु एका परिचारिकेच्या वांट्याला किती खाटा येतात, हें मीं आदल्या रात्रीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आणि ज्या बाईला मीं स्वतः बहिरी व आंधळी करून, एकटी अंधारांत सोडून गेलों होतों, तिनें भिऊं नये तर काय करावें? तिच्या हाताचे बंध दुसऱ्यांनीं बांधले, पण त्यांची पहिली गांठ मीं मारली होती, असें मला त्या दिवशीं वाटलें आणि आजहि वाटतें.

तेव्हां एक वडीलधारी परिचारिका माझ्या मदतीस आली. तिनें पट्ट्या सोडविल्या, श्रवणयंत्र आणवून कानांत बसविलें, चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला, खिडकीचा पडदा सारला, आणि मला विचारलें, 'घरीं या काय करीत असत?' मी म्हणालों, 'देवासाठीं फुलवाती करीत.' तिनें कापसाचा एक पुंजका आईच्या हातांत दिला. आईनें क्षणभर तो पाहिला, आणि तिचीं बोटें चालूं लागलीं. सायंकाळपर्यंत उशाशीं तीस-चाळीस वाती जमल्या. त्या दिवशीं तिनें सलाईनला हात लावला नाहीं.

हा माझ्या घरचा योगायोग नव्हे. १९९९ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये यांनीं ७० वर्षें व त्यापुढील ८५२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्या रुग्णांच्या बाबतींत अगदीं साध्या गोष्टी नेमानें केल्या गेल्या: आपण कोठें आहों याची आठवण देणें, रात्रीं निवांत झोप मिळूं देणें, लवकर उठवून चालविणें, चष्मा लावणें, ऐकूं येण्याची सोय करणें आणि पुरेसें पाणी पाजणें. नेहमींच्या शुश्रूषेंत शेंकडा १५ रुग्णांना भ्रम झाला. या दुसऱ्या गटांत तें प्रमाण शेंकडा दहाच्याहि किंचित् खालीं आलें. पण त्याच पाहणींत असेंहि दिसलें कीं, एकदां भ्रम जडला म्हणजे त्याची तीव्रता या उपायांनीं फारशी घटत नाहीं. म्हणून हे उपाय पहिल्या घटकेपासूनच करावयाचे असतात. माझ्यासारखे तिसऱ्या दिवशीं नव्हे.

घरच्या माणसाला दूर ठेवल्यानें काय होतें, याचेंहि एक उदाहरण सांगतों. इंग्लंडमध्यें डॉ. जॉन जेरार्ड हे स्वतः डॉक्टर. त्यांना आल्झायमरचा विकार होता. पायाच्या जखमांत संसर्ग झाल्यामुळें २०१४ सालीं ते पांच आठवडे रुग्णालयांत होते, आणि त्या काळांत भेटीगांठींवर निर्बंध होते. जखमा बऱ्या झाल्या, पण जो मनुष्य आपल्या पायांनीं चालत आंत गेला होता तो परावलंबी होऊन बाहेर आला, आणि त्याच वर्षीं वारला. त्यांची कन्या लेखिका निकी जेरार्ड यांनीं मैत्रीण जूलिया जोन्स यांच्यासह, अशा रोग्याजवळ त्याच्या माणसाला राहूं द्यावें यासाठीं चळवळ उभारली, आणि पुढें तेथील पुष्कळ रुग्णालयांनीं ती मागणी मान्य केली. आपल्याकडे नातेवाईकानें रोग्याजवळ राहण्याची रीत जुनीच आहे. तिला आपण सोय किंवा नाइलाज समजतों. वस्तुतः ती चिकित्सेचा भाग आहे.

संसर्गाचा धोका लहान नाहीं. ज्या ऑगस्टे डेटर नांवाच्या बाईच्या तपासणीवरून डॉ. आल्झायमर यांनीं हा रोग प्रथम वर्णिला, ती १९०६ सालीं वारली तेव्हां अंथरुणावर पडून झालेल्या जखमांतून संसर्ग तिच्या रक्तांत भिनला होता. आपल्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि कामगारांचे पुढारी, १९६७ सालीं स. का. पाटलांना हरविणारे जॉर्ज फर्नांडिस, यांनाहि याच विकारानें अनेक वर्षें ग्रासलें होतें. २९ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले, तेव्हां अखेरच्या दिवसांत त्यांना स्वाइन फ्लूची लागण झाल्याचें प्रसिद्ध झालें होतें. भारतांत साठी ओलांडलेल्या सुमारें ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां हा प्रसंग पुष्कळ घरांवर येणार आहे.

त्या घरांसाठीं चार गोष्टी सांगतों. पहिली, एक कागद आजच लिहून ठेवावा. रोग्याला कोणत्या नांवानें हांक मारावी, कोणती भाषा कळते, कोणत्या कानानें ऐकूं येतें, कोणतीं औषधें चालूं आहेत, दुखत असल्यास तो तें कसें दाखवितो, आणि मुख्य म्हणजे एरव्हीं तो काय काय करूं शकतो, हें त्यांत असावें. डॉक्टरांनीं तुमच्या माणसाला प्रथमच पाहिलेलें असतें. 'ही नेहमींची अशी नाहीं' हें तुम्हांवांचून त्यांना कोण सांगणार?

दुसरी, डॉक्टरांना विनयानें पण स्पष्ट विचारावें: हा डिलिरियम आहे काय? त्याचें कारण सांपडलें काय? लघवीची नळी अजून आवश्यक आहे काय? ती नळी गरजेपेक्षां एक दिवसहि अधिक राहिली तर नव्या संसर्गाला वाट मिळते. झोपेच्या आणि सर्दीच्या कांहीं औषधांनीं भ्रम वाढतो, म्हणून तेंहि विचारावें. जेवण भरवितांना रोग्याला उठवून बसवावें, नाहीं तर घांस श्वासनलिकेंत जातो. अंथरुणावर कूस वरचेवर बदलावी.

तिसरी, वाद घालूं नये. 'घरीं जावयाचें आहे' असें ती म्हणाली तर 'तूं घरीं नाहींस' हें सिद्ध करण्यांत आपला विजय नाहीं. ती 'मला भीति वाटते' एवढेंच म्हणत असते. 'मी येथें आहें, आपण बरोबरच जाऊं' हें उत्तर पुरतें, आणि तें खोटेंहि नसतें.

चौथी, एकट्यानें शौर्य दाखवूं नये. मी दोन रात्रीहि पुरा पडलों नाहीं. पुढें मी, माझी पत्नी, मुलगा आणि पुण्याहून आलेली बहीण अशा आम्हीं आठ आठ तासांच्या पाळ्या लाविल्या. घरांत माणसें नसतील तर शेजाऱ्याला शब्द टाकावा, पैसे असतील तर आया ठेवावी. थकलेला मनुष्य प्रेमळ राहूं शकत नाहीं, हें मीं स्वतःवरून सांगतों.

आईचा भ्रम उतरला तो औषधानें. तिची भीति उतरली ती ओळखीच्या आवाजानें, असें मी समजतों. सातव्या दिवशीं सायंकाळीं मी पाळीवर आलों तेव्हां ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. माझ्याकडे वळून तिनें विचारलें, 'आलास का रे शाळेंतून?' मला उत्तर द्यावयास थोडा वेळ लागला.

सारें पूर्ववत् झालें, असें मात्र सांगून मी आपली फसवणूक करणार नाहीं. घरीं आल्यावरहि महिनाभर ती रात्रीं दचकून उठे. पूर्वीं ती माझा हात धरून देवळापर्यंत चालत असे. तें चालणें परत आलें नाहीं. त्यानंतर ती दीड वर्ष आमच्यांत होती. त्या काळांत तिला पुन्हां एकदां तसाच संसर्ग झाला. पण त्या वेळीं ती दुपारीं गप्प झाली आणि सायंकाळच्या आंत लघवीची तपासणी झाली. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाहीं. आदल्या खेपेस वाया घालविलेल्या दोन दिवसांची फेड मीं तेवढीच करूं शकलों.

आपल्या घरीं असें माणूस असेल, आणि तें आपल्याला ओळखत नाहीं म्हणून उशाजवळून उठावेंसें वाटेल, तर माझी एवढी विनंती आठवावी. त्याला आपलें नांव आठवत नसेल. आपण जवळ आहों हें त्याला कळत असतें. तेथेंच बसावें, आणि श्रवणयंत्र खिशांत घालूं नये.