आमच्या गांवचें बावखळ

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें "वसईचें सांस्कृतिक जीवन" हा विषय मजकडे सोपविला आहे. विषय समुद्राएवढा आणि वेळ पंधरा मिनिटांचा. शिवाय वसईविषयीं बोलावयास उभा राहिलेला वक्ता १५३४ सालचा तह, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकलेला किल्ला आणि नाशिकास नारोशंकराच्या देवळांत जाऊन राहिलेली इकडची घंटा ह्यांच्यापाशीं हटकून थांबतो. तें सर्व तुम्हांस मुखोद्गत आहे. म्हणून आज किल्ल्यांत न शिरतां मी तुम्हांस चर्चच्या मागच्या आवारांत, चिंचेखालीं नेणार आहें. तेथें जें बावखळ आहे त्याविषयीं मला बोलावयाचें आहे.

जीं कुटुंबें गेल्या कांहीं वर्षांत मुंबईहून नव्या इमारतींत राहावयास आलीं त्यांच्याकरितां प्रथम सांगतों. बावखळ म्हणजे विहीर नव्हे, आणि बांधीव तलावही नव्हे. वाडीच्या सखल भागांत खणलेला तो मोठा पाणसांठा. पावसाचें पाणी वाड्यांतून वाहत येऊन त्यांत सांठे, हळूहळू जमिनींत मुरे आणि आसपासच्या विहिरींस पुरे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरी गोड्या राहिल्या त्या अशा मुरलेल्या पाण्यामुळें. भूमीच्या पोटांत गोड्या पाण्याचा भार आहे तोंवर खारें पाणी आंत शिरत नाहीं. उपसा वाढून तो भार हलका झाला कीं तें पुढें सरकूं लागतें. आमच्या वाडवडिलांनीं भूगर्भशास्त्राचें पुस्तक पाहिलें नव्हतें. पण कुदळ कोठें घालावी हें त्यांना कळत होतें.

बावखळावर रहाट असे. बैल किंवा रेडा फिरे, गाडगीं भरून वर येत, आणि पाणी पाटांतून केळींच्या, पानवेलींच्या व फुलझाडांच्या मुळांशीं जाई. त्याच पाण्यावर वसईचीं पानें, केळीं आणि फुलें मुंबईच्या बाजारास गेलीं. डोक्यावर पाटी घेऊन पहांटेची गाडी गांठणाऱ्या ज्या माउल्यांनीं आपणांस शिकविलें, त्यांची पाटी ह्याच पाण्यानें भरलेली होती. रहाट गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या एकेका अवयवाचें नांवही गेलें. आमच्या सामवेदी बोलींतले ते शब्द आज धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांस विचारले तर तीं माझ्या तोंडाकडे पाहतात.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण सुकेळ्यांचा विषय निघाल्यावांचून वसईकराचें भाषण संपूं नये. पावसाळा सरल्यावर पिकलेलीं राजेळी केळीं सोलावीं, मांडवावर उन्हांत पसरावीं, रोज परतावीं, रात्रीं त्यांना दंव लागूं देऊं नये, आणि तांबूस होऊन मधासारखीं चिकट झालीं म्हणजे केळीच्याच सुक्या पानांत बांधावीं. काम सोपें दिसतें, पण आभाळ भरून आलें कीं सारी मेहनत वायां. आतां हें करणारीं घरें थोडीं उरलीं. निर्मळची जत्रा हिंदूंची खरी, पण कार्तिकांतल्या त्या जत्रेस लहानपणीं न गेलेला ख्रिस्ती म्हातारा मला अजून भेटावयाचा आहे. असो.

लग्नाच्या आदल्या दिवशींचें उंबराचें पाणी तुम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. वाजंत्री पुढें, बायका मागें, डोक्यावर घागरी. आतां कोणी अंगणांतल्या नळावर घागर भरून घेतात आणि वाजंत्री मात्र मोठी आणतात. मला त्यांचें हंसूं येत नाहीं. विहीर बुजली असेल तर त्या बिचाऱ्यांनीं जावें तरी कोठें?

आतां मुख्य गोष्ट. ह्या महोत्सवाची कायमची आठवण म्हणून मागचें बावखळ भरून तेथें मोटारी उभ्या करण्यास जागा करावी अशी सूचना धर्मग्राम समितीपुढें आली आहे. सूचना करणारे मंडळी सद्हेतूची आहेत. रविवारीं रस्त्यावर गर्दी होते, पावसांत म्हाताऱ्या माणसांस दूरवरून चालत यावें लागतें, हें मी रोज पाहतों. ही अडचण खोटी नाहीं. परंतु मी ह्या सूचनेच्या विरुद्ध आहें, आणि तें आडपडदा न ठेवतां येथें सांगतों.

२०१८ सालचा जुलै आठवा. चार दिवस वसई पाण्याखालीं होती, आगगाड्या थांबल्या, घरांघरांत दिवा नव्हता. पाऊस मोठा होता हें खरें. पण पूर्वीं असा पाऊस पडे तेव्हां त्याला बसावयास जागा होती. आम्ही मिठागरांच्या बाजूस, वाड्यांत, नाल्यांच्या कांठीं भराव घातला आणि पाण्याची जागा विकून टाकली. मग पाणी आमच्या स्वयंपाकघरांत आलें. बिल्डरांस दोष देणें सोपें आहे. पण सही करणारे हात कोणाचे होते? आतां चर्चनेंच आपलें बावखळ भरलें तर उद्यां वाडी विकावयास निघालेल्या भावाला मी कोणत्या तोंडानें थांबवूं? हरित वसईसाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याबरोबर ज्यांनीं मोर्चांत पावलें टाकलीं त्यांच्यापैकीं कित्येक ह्या सभेंत बसले आहेत. फादर २०२४ सालीं आपणांतून गेले. त्या मोर्चेकऱ्यांनीं समितीच्या बैठकीस अवश्य यावें.

मोटारींसाठीं शाळेचें पटांगण रविवारीं मोकळें असतें. तेथून दारापर्यंत वृद्धांस आणावयास तरुणांनीं पाळी लावून घ्यावी. छत्र्यांची सोय मी करतों. बावखळांत सध्यां जलपर्णी माजली आहे आणि निर्माल्यापासून प्लास्टिकच्या पिशव्यांपर्यंत सर्व कांहीं पडलें आहे. येत्या रविवारीं पहिल्या मिस्सानंतर ज्यांच्या घरीं कोयते, टोपल्या आणि दोर असतील त्यांनीं तीं घेऊन यावें. न्याहारी चर्चकडून मिळेल. पाणी कमरेपर्यंत आहे. पोहतां न येणाऱ्यांनीं कांठावर राहून टोपल्या ओढाव्या.