भाजलेला अकीक

नाणेघाटाचा काळा कातळ आपण मुरबाडकर नित्य पाहतो. तसल्याच कातळाच्या पोकळ्यांत अकीक जमतो. गुजरातेत रतनपूरला तो मिळतो. खंबायतचे कारागीर तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेण्यांच्या मंद आचेवर भाजतात. घाई केली की तडकलाच! भाजल्याने त्यातले लोह तांबडे होते, दगडही सोपा फुटतो. मग लोखंडी खुंटीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढायचे. ही विद्या ४,००० वर्षांहून जुनी. लोथलच्या उत्खननात मणी भाजण्याची भट्टी सापडली आहे. आम्हां कामगारांना तिचा अभिमान वाटतो.

परंतु मणी घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. तो सिलिकोसिस; त्यावर औषध नाही. काम घरोघर चालते, म्हणून धूळ बायकामुलांच्याही नाकात जाते. धूळ ओढणारा पंखा मजुराने बसवावा की व्यापाऱ्याने? आम्ही म्हणतो, व्यापाऱ्याने.