विंचू, मण्यार आणि चेतापेशी

आपल्या पाली गावात बसून चेतापेशींवर बोलायचं, तर सुरुवात लाल विंचवापासून करायला हवी. पेंढा उचलताना बोटाला डंख बसतो. बोटाच्या टोकाशी आलेला तंतू ज्या पेशीचा, तिचा मुख्य भाग असतो मानेच्या मणक्यालगत. म्हणजे एकच पेशी हाताएवढी लांब! पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी तर मीटरभर भरते.

या तंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की सोडियम आत शिरतो आणि संदेश पुढे सरकतो. मग सेकंदाच्या हजाराव्या भागात दारं मिटतात. विंचवाचं विष हे मिटणंच अडवतं. हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या चेतापेशी मग संदेश सोडतच राहतात. दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, शेवटी फुप्फुसांत पाणी होतं.

यावरच्या इलाजाची गोष्ट जवळचीच. वरंध घाट उतरला की महाड. तिथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हा गंभीर विंचूदंशाच्या दर तीन-चार रुग्णांमागे एक दगावत असे. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. ती विष उतरवत नाही. चेतापेशीने सोडलेलं रसायन रक्तवाहिनीवर जिथे बसतं, ती जागा ती अडवते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात फारतर तीन-चारांवर आलं. खेड्यातल्या दवाखान्यात एवढं मोठं संशोधन झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मण्यार या सापाचं विष विंचवाच्या विषाच्या उलट वागतं. चेतापेशी आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मधली बारीक फट रसायनाने ओलांडावी लागते. मण्यार ते रसायन सोडणारी टोकंच निकामी करते. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. बहुधा ना सूज, ना आग. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही, श्वास तोकडा पडतो. सर्पविषावरची लस लवकर टोचली तर उपयोग; टोकं एकदा निकामी झाली की लस ती परत आणत नाही. ती नव्याने फुटेपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो. तोवर मोडतोड साफ करून नव्या टोकांना वाट दाखवतात त्या चेताश्लेष्माच्या, म्हणजे ‘ग्लिया’ पेशी. त्या नुसत्या भरावाच्या, असं शास्त्रज्ञही पुष्कळ वर्षं मानत होते.

म्हणून एक कळकळीची विनंती. पहाटे कुणाच्या पापण्या मिटत चालल्या तर ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषाकडे नेऊ नका. गाडी काढा, भोर गाठा, लागलं तर पुणे. वाटेत त्याला कुशीवर ठेवा, लाळ घशात उतरू देऊ नका. आणि त्याच्यासमोर रडारड करू नका. हलता येत नसलं तरी मेंदू जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं.