न जुळलेलं रक्त



बक्षिसं मिळवलेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, तुमच्यातले काही जण उद्या वैद्यकीय संशोधनाकडे वळतील. त्यांच्यासाठी एका शोधाबद्दल बोलतो.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. तीन माणसांना ‘ओ’ गटाचंही रक्त जुळत नव्हतं. अशा वेळी नमुन्यालाच दोष देऊन मोकळं होणं किती सोपं! भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया तसे मोकळे झाले नाहीत. लंडनच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन त्यांनी छडा लावला. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट.

कारण पुढं उलगडलं. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ या घटकाचा पाया पडतो, मग त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ चढतं. पाया घालणाऱ्या विकराचं जनुक आईवडील दोघांकडूनही निकामी आलं, तर पायाच पडत नाही. मग अंगात ‘बी’चं जनुक असलं तरी साध्या तपासणीत माणूस ‘ओ’ ठरतो. बाप असा ‘ओ’, आई खरी ‘ओ’ आणि मूल ‘बी’ निघालं, तर घरात संशय कुणावर येईल? त्या आईची बाजू हे ज्ञान घेतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

डॉ. एच. एम. भाटिया पुढंही याच कामात राहिले. १९५७ साली मुंबईत सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. तेच केंद्र आज केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय संस्था आहे. एका लेखावर नाव येणं आणि त्यामागे अख्खी संस्था उभी करणं, यातलं दुसरं काम मला अधिक अवघड वाटतं.

भारतात साधारण १०,००० माणसांमागे एकाचा बॉम्बे गट असतो. अठरा पूर्ण झालेल्यांनो, शिबिरात रक्त द्या, आणि गट ‘ओ’ सांगितला तर ‘एच’ आहे की नाही हे पाहणारी अँटी-एच तपासणी झाली का, ते विचारा. बॉम्बे निघाला तरी रोजच्या तब्येतीला धोका नाही. मात्र गरज पडली तर फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. म्हणून सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्या. आईवडील दोघांत ते निकामी जनुक दडलेलं असेल, तर प्रत्येक भावंडात हा गट निघण्याची शक्यता ४ मध्ये १ असते.